एका खांबाचा झोपाळा

पुष्पावतीबाई इतक्या हळू बोलत, की त्या रागावल्यात हे घरातल्यांना बहुधा दुसऱ्या दिवशी कळे. सोमवारी एकभुक्त, गुरुवारी सांजवात लागेपर्यंत मौन, तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहा नाही आणि चैत्रात गौरीचं अंगण काढल्याशिवाय अन्न नाही, असे त्यांचे नेम. अशा बाईशी भांडण काढणं म्हणजे कापसाच्या गादीला बुक्की मारणं. गादीला काही होत नाही, मारणारा तोंडावर पडतो. हे नगरच्या सावेडीत सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते सुभेदार आप्पासाहेबांना.

आप्पासाहेब लष्करातून निवृत्त होऊन 'श्रीरेणुका' सोसायटीत पुष्पावतीबाईंच्या समोरच्या घरात राहायला आले आणि वर्षाच्या आत सोसायटीचे सेक्रेटरी झाले, कारण दुसरं कुणी तयार नव्हतं. (लोकशाहीत बरीचशी माणसं याच जिन्यानं वर जातात.) तळमजल्यावरच्या चार घरांमधून जो पॅसेज जातो, तो त्यांच्या लेखी परेडचं मैदान होता. तिथं चप्पलसुद्धा दुसऱ्या चपलेच्या रांगेत असावी लागे. आदल्या चैत्रात भल्या पहाटे दुधाचं पातेलं घेऊन येताना त्यांचा पाय पुष्पावतीबाईंच्या रांगोळीतल्या कासवावर पडला. कासव स्वभावानं हळू असलं तरी ते गुळगुळीत फरशीवर होतं. सुभेदारांना घेऊन ते थेट त्यांच्या दारापर्यंत गेलं. दूध पुढं पोचलं, सुभेदार मागून.

झालं. पुढचा चैत्र तोंडावर आला तसा माघातल्या सभेत ठराव आला: 'पॅसेजमध्ये रांगोळी काढण्यास सक्त मनाई.' सोसायटीच्या सभा त्याच पॅसेजमध्ये सतरंजी टाकून भरत. सगळ्यांनी माना डोलावल्या. ठरावावर मान डोलावली की सभा लवकर संपते आणि बटाटेवडे लवकर येतात, हे सगळ्यांना अनुभवानं माहीत होतं.

तेवढ्यात पुष्पावतीबाई काहीतरी बोलल्या. कुणालाच ऐकू आलं नाही.

"गप ऱ्हावा समदे!" शेजारच्या गोजरबाई गरजल्या. गोजरबाई मूळच्या सोनईच्या. उसाच्या फडात या टोकाची हाक त्या टोकाला पोचवायची सवय, तीच हाक त्या आता दोन फुटांवरच्या माणसाला मारत. "वहिनी काय म्हनत्यात ते ऐका. त्या म्हनत्यात, चैत्रात गौर म्हायेरी येती. तिला झोपाळ्यात बसवायची, दारापुढं चैत्रांगण काढायचं. मधी झोपाळा, भवतीनं हत्ती, कासव, शंख, तुळस, चंद्र-सूर्य, गाईची पावलं. त्यांच्या आईनं काढलं, त्यांनी लगीन झाल्यापासनं काढलं. आता अंगण न्हाई म्हनल्यावर गौर बसंल कुटं?"

"पाटावर काढा," आप्पासाहेब म्हणाले. "घरात. डिसिप्लिन."

पुष्पावतीबाई पुन्हा काहीतरी बोलल्या. गोजरबाईंनी कान त्यांच्या तोंडाशी नेला आणि मग सरळ होऊन जाहीर केलं, "त्या म्हनत्यात, जिथं तुमचा झाडू पोचायचा न्हाई, अशा जागी काढीन!"

आता हे बोलून तर झालं. पण झाडू न पोचणारी जागा नगरात कुठं सापडायची? पुष्पावतीबाईंनी रात्रभर विचार केला आणि सकाळी त्यांची नजर यजमानांच्या संगणकावर गेली.

हा संगणक म्हणजे रंगनाथरावांच्या निवृत्तीनंतरचा छंद. जिल्हा परिषदेत हेडक्लार्क म्हणून जन्म गेला, आता काळाबरोबर चालायचं म्हणून त्यांनी तो बाजारातल्या खाजाभाईंकडून आणला होता. दारातून आत आलं की लगेच उजव्या भिंतीला त्याचं टेबल. त्याहून आत नेण्याइतकी वायर लांब नव्हती. पडद्यावर पिवळ्याधमक रंगाशिवाय दुसरा रंग नाही. चालू केला की तो आधी तारीख विचारी. रंगनाथराव पंचांग उघडून खात्री करून घेत आणि तारीख सांगत. मग तो वेळ विचारी. रंगनाथराव आकाशवाणीच्या बातम्यांशी घड्याळ जुळवून घेत आणि वेळ सांगत. यापुढं त्याला काय विचारायचं असतं हे त्यांना माहीत नसल्यामुळे ते तो आदरपूर्वक बंद करत आणि वर कापडी खोळ घालत.

पुष्पावतीबाईंना ही चैन बघवली नाही. दिल्ली गेटपाशी महिलांसाठी संगणकाचा वर्ग निघाला होता, तिथं त्यांनी जाऊन नाव घातलं. वर्गातल्या बाकीच्या मुली वीस वर्षांच्या. पण पडदा म्हणजे बारीक बारीक ठिपके आणि हुकूम दिला की हवा तो ठिपका पेटतो, एवढं कळल्यावर पुष्पावतीबाईंना पुढचं कुणी शिकवावं लागलं नाही. लहानपणी त्यांनी उदबत्तीनं वर्तमानपत्राला भोकं पाडून ठिपक्यांचे कागद केले होते. कागद जमिनीवर ठेवायचा, वरून रांगोळी फिरवायची, उचलला की खाली ठिपके. इथं कागदाऐवजी यंत्राच्या पोटात पडद्याला ठिपके पुरवणारी एक हिरवी पाटी होती आणि तिला कार्ड म्हणत, एवढाच फरक.

सगळा फाल्गुन त्यांनी आईचं चैत्रांगण ठिपक्या-ठिपक्यानं यंत्रात भरलं. कढी उतू गेली, कपडे दोरीवर दोन-दोन दिवस राहिले, आणि रंगनाथरावांना स्वतःच्या घरात तारीख सांगायची चोरी झाली. पाडव्याच्या दिवशी पुष्पावतीबाईंनी गोजरबाईंना बोलावून कळ दाबली. डावीकडून सूर्य उगवला, हत्ती सोंडेपासून सुरू होऊन शेपटीला संपला, दोन खांबांचा झोपाळा उभा राहिला, त्यात गौर बसली आणि उजव्या कडेला तुळशीवर चंद्र आला. सावकाश, एकेक ठिपका. अगदी चिमटीतून सांडावा तसा.

गोजरबाईंनी कानशिलांवर बोटं मोडून दृष्ट काढली. मग म्हणाल्या, "समदं ब्येस हाय वं वहिनी. पन ह्यो समदा रंग हळदीचा. हळदीकुकवाला बाया बोलावनार, हळद तर हाय, कुकू कुठाय?"

पुष्पावतीबाई नुसत्या हसल्या. पण पेपरामागून रंगनाथरावांनी ऐकलं. आणि नवऱ्याच्या मनात बायकोला न सांगता काहीतरी चांगलं करायचं आलं, की संसारात अनर्थाला सुरुवात होते.

सोमवारी पुष्पावतीबाई बेलाची पानं आणायला गेल्या, तेवढ्यात यंत्र रिक्षात बसून खाजाभाईंकडे गेलं. "जरा तेलपाणी करून आणतो," असं रंगनाथरावांनी संध्याकाळी सांगितलं. मंगळवारी, तृतीयेला सकाळी, गौर बसवायच्या ऐन वेळी यंत्र परत आलं. नवा पडदा, आत नवं कार्ड.

"रंगीत!" रंगनाथराव म्हणाले. त्यांची छाती इतकी फुगली होती की शर्टाचं वरचं बटण सुटलं. "कुंकू लालभडक दिसेल आता. दाब कळ."

पुष्पावतीबाईंनी गौरीला हात जोडले, कळ दाबली. सूर्य नाही, हत्ती नाही. काळ्या पडद्यावर इंग्रजीत एकच ओळ आली: 'इल्लीगल फंक्शन कॉल.'

जिल्हा परिषदेत उभ्या आयुष्यात ज्यांच्या नावापुढं 'इल्लीगल' हा शब्द आला नव्हता, ते रंगनाथराव मटकन खुर्चीत बसले. दार उघडंच होतं. समोरून जाणाऱ्या आप्पासाहेबांनी डोकावून ओळ वाचली आणि म्हणाले, "बघा. आम्ही नुसती मनाई केली होती, मशीन तर बेकायदाच म्हणतंय." आणि पॅसेजमधून लेफ्ट-राइट करत गेले. त्या दिवशी त्यांच्या पावलांचा आवाज जरा जास्तच खणखणीत येत होता.

पुष्पावतीबाईंनी दुपारचा भात तसाच झाकून ठेवला. अंगण नाही तर अन्न नाही. एक केळं खाल्लं आणि पाणी प्यायल्या.

"अगं, पाटावर काढ की आजच्यापुरतं," रंगनाथराव अपराधी आवाजात म्हणाले. "पाटाला पण झाडू नाही लागत."

"पाट मीच काढायचा, मीच उचलून ठेवायचा," पुष्पावतीबाई म्हणाल्या. "मग त्यांचा नियम मीच पाळला की."

रंगनाथराव खाजाभाईंकडे धावले. खाजाभाई पूर्वी रेडिओ दुरुस्त करत. जमाना बदलला तसं त्यांनी पाटीवर 'रेडिओ'च्या पुढं 'कॉम्प्युटर' लिहिलं. आतला माणूस, स्क्रू-ड्रायव्हर आणि चहाचा कप तेच राहिले. त्यांनी डोकं खाजवलं. "साहेब, तुमच्या भाभींनी जे लिहिलंय ना, ते जुन्या कार्डाच्या ओळखीनं लिहिलंय. नवं कार्ड म्हणतं, मी तुला ओळखत नाय. जुनं कार्ड परत टाकलं की झालं काम."

"टाका मग!"

"ते काल संध्याकाळीच गेलं की. कर्जतच्या छगनशेठच्या मशिनीत. त्यांचं जळालं होतं."

बुधवारी नवरा-बायको एसटीनं कर्जतला गेले. ऊन असं, की खिडकीची दांडी हाताला चटके देत होती. पुष्पावतीबाईंच्या पिशवीत पाण्याचा तांब्या, शेंगदाण्याचे लाडू, अडकित्ता, आणि बदल्यात द्यायला म्हणून नवं कार्ड पेपरात गुंडाळलेलं. ते कार्ड रंगनाथरावांनी पिशवीतून काढून रस्ताभर मांडीवर नवजात बाळासारखं धरलं होतं. वाटेत एका म्हातारीनं "पोरगं का पोरगी?" असं विचारलंही.

छगनशेठचं धान्याचं आडतदुकान. ज्वारीच्या पोत्यांच्या थप्पीत एका चौरंगावर त्यांचं यंत्र विराजमान होतं. त्यावर कुंकवाचं स्वस्तिक, गळ्यात झेंडूची माळ, समोर नारळ, आणि सबंध डब्याभोवती लाल-पिवळ्या नाडाछडीचे वेढे. आतल्या कार्डाला भेटायचं तर हे सगळं सोडावं लागणार होतं.

"वहिनी, एका पायावर दिलं असतं," छगनशेठ हात जोडून म्हणाले. "पन काल तृतीयेचा म्हूर्त धरून पूजा घातली. अन् खंडोबाला बोललोय, अक्षय तृतीयेपर्यंत ह्यो धागा सोडायचा न्हाई. मशीन दोनदा जळालं वं माझं. आता तुमीच सांगा, सोडू? तुमी सांगाल तसं."

हा प्रश्न दुसऱ्या कुणाला विचारला असता, तर त्यानं "सोडा" म्हणून कात्री पुढं केली असती. रंगनाथरावांचा हात पिशवीतल्या अडकित्त्याकडे गेलाही होता. पण विचारला पुष्पावतीबाईंना. ज्या बाईनं आयुष्यभर स्वतःचे नेम मोडले नाहीत, तिला दुसऱ्याचा मोडायला लावायचा?

"राहू द्या, शेठ," त्या म्हणाल्या. "बोललेलं मोडू नका." आणि यंत्राला हळदकुंकू वाहून, नमस्कार करून परत निघाल्या. येताना छगनशेठनी पायलीभर ज्वारी बांधून दिली. उपाशी बाईच्या हातात ज्वारी! रंगनाथरावांनी एसटीत तिच्याकडे बघून दोनदा डोळे पुसले. पुष्पावतीबाई खिडकीबाहेर बघत होत्या. बाहेर सगळीकडे मोकळी शेतं, सगळीकडे अंगण. त्यांचंच तेवढं कुठं नव्हतं.

इकडे सोसायटीत सल्ल्यांना ऊत आला होता. वरच्या मजल्यावरच्या एकांचं मत, यंत्र पूर्वेला तोंड करून ठेवा. दुसऱ्यांचं मत, व्होल्टेज कमी आहे, फ्रिज बंद करा. तिसऱ्यांनी तर यंत्राला दृष्ट लागली म्हणून मीठ-मोहऱ्या ओवाळल्या, त्यातल्या चार मोहऱ्या कळांच्या फटीत गेल्या आणि तेव्हापासून एक कळ दाबली की दोन अक्षरं उमटायला लागली. शुक्रवारच्या हळदीकुंकवाची निमंत्रणं गोजरबाईंनी तोंडी, म्हणजे एका जागी उभं राहून, सबंध कॉलनीला देऊन टाकली होती. आता मागं फिरायला जागा नव्हती.

गुरुवारी खाजाभाई स्वतः घरी आले आणि त्यांनी नवं कार्ड परत यंत्रात बसवलं. पण गुरुवार! पुष्पावतीबाईंचं मौन. ज्या एका माणसाला चित्रातला ठिपका न् ठिपका पाठ, तो माणूस सांजवातीपर्यंत बोलणार नाही.

"काही हरकत नाही," रंगनाथराव म्हणाले. "एवढ्या वर्षांच्या संसारात मला तिच्या सगळ्या खुणा कळतात."

खाजाभाईंनी चित्राच्या अगदी वरच्या ओळीतला आकडा बदलला. कुठल्या कार्डावर काढायचं ते त्या आकड्यानं ठरतं, असं त्यांनी सांगितलं. कळ दाबली. आणि खरंच, सूर्य उगवला! हत्तीची सोंड आली, डोकं आलं, पुढचे पाय आले, आणि पडदा संपला. हत्तीचा मागचा भाग बाहेरच. झोपाळ्याचा डावा खांब आला, गौर आली, वरची दांडी टोकाआधीच तुटली, उजवा खांब नाहीच. तुळस नाही, कासव नाही, चंद्र नाही. शिवाय सगळं वरून दाबल्यासारखं बुटकं, आणि खाली पडदा रिकामा.

पुष्पावतीबाईंनी एक बोट वर केलं आणि ते उभं धरून पडद्याच्या उजव्या कडेशी नेलं. एक खांब राहिला.

"एक म्हणतीये," रंगनाथरावांनी अर्थ लावला. "आकडा एक टाका."

खाजाभाईंनी एक टाकला. पडद्यावर कोंबडीच्या अंड्याएवढाल्या ठिपक्यांचा सूर्य आला आणि हत्तीच्या सोंडेचं टोक. बाकी सगळं गेलं.

पुष्पावतीबाईंनी जोरजोरात मान हलवली आणि दोन्ही हात बाजूंना पसरले. रुंद हवंय.

"दमली बिचारी," रंगनाथराव म्हणाले. "तीन दिवस पोटात अन्न नाही. जरा पड तू."

यावर पुष्पावतीबाईंनी यजमानांकडे जे बघितलं, त्याचा अर्थ मात्र खाजाभाईंनासुद्धा बरोबर कळला. ते मुकाट्यानं मागचा आकडा परत टाकून ठिपके मोजायला लागले. मोजून म्हणाले, "हां, असं आहे. जुन्या कार्डाच्या आडव्या ओळीत सातशे वीस ठिपके होते, नव्याच्या सहाशे चाळीस."

"म्हणजे नवं कार्ड, महाग कार्ड, रंगीत कार्ड, आणि ठिपके कमी?" रंगनाथरावांचा आवाज चिरकला.

"खाली जास्ती आहेत ना साहेब. आडवे कमी, उभे जास्ती. त्याच्यावर एक तोड आहे. हर आकड्याला भागायचं. सगळं चित्र आक्रसून आत मावंल. थोड्या रेघा तुटतील, पर मावंल."

त्यांनी करून दाखवलं. सगळं मावलं. पण हत्ती उपाशी घोड्यासारखा झाला होता, आणि सगळ्या उभ्या रेघा तुटक-तुटक. गौरीच्या झोपाळ्याची साखळी जागोजाग तुटली होती.

नेमकी तेव्हाच बाहेर दिवेलागण झाली. पुष्पावतीबाई उठल्या, देवापाशी सांजवात लावली, गौरीला हळदकुंकू वाहिलं, आणि परत येऊन दिवसातलं पहिलं वाक्य बोलल्या.

"खाजाभाई, माझं अंगण आता आणखी आक्रसायचं नाही."

आवाज नेहमीचाच, हळू. पण खाजाभाईंनी हात कळांवरून काढून मांडीवर ठेवले.

"दारातलं त्यांनी घेतलं," त्या म्हणाल्या. "ठीक आहे. आता यंत्र म्हणतं, थोडं कमी कर. उद्या आणखी कुणी म्हणेल. काढायचं तर आईनं काढलं तेवढंच. एक ठिपका कमी नाही."

"पर भाभी," खाजाभाई म्हणाले, "जे पडद्यात मावत नाय, ते काढणार कुठं?"

पुष्पावतीबाईंनी खाजाभाईंना पन्हं दिलं आणि स्वतः पाणी प्यायल्या.

शुक्रवारी संध्याकाळी घर भरून गेलं. परातीत भिजवलेले हरभरे, पातेल्यात कैरीची डाळ, माठात पन्हं. ते करताना पुष्पावतीबाईंनी चाखूनसुद्धा बघितलं नव्हतं. गोजरबाईंनी दोन वाट्या चाखून मीठ बरोबर असल्याची ग्वाही दिली होती. बायका आत मावेनात तशा पॅसेजमध्ये उभ्या राहिल्या. समोरच्या दारात आप्पासाहेब हाताची घडी घालून, देखरेखीला. जिन्यापाशी झाडलोट करणारी कडूबाई केरसुणीला टेकून बघत होती. मागच्या चैत्रात साहेबांच्या हुकमानं तिलाच ते अंगण झाडावं लागलं होतं, आणि आठ दिवस तिनं पुष्पावतीबाईंना तोंड दाखवलं नव्हतं.

पुष्पावतीबाईंनी कळ दाबली. न आक्रसलेलं, जसंच्या तसं चित्र. सूर्य उगवला. गौर आली. कपाळावर कुंकू, लालभडक. "अग्गंबाई!" सगळ्या म्हणाल्या.

"गौर जरा अंगानं भरलीय न्हाई?" कुणीतरी कुजबुजलं.

"म्हायेरी बसून डाळ-पन्हं खाल्ल्यावर फुगनारच की!" गोजरबाईंनी तिथल्या तिथं निकाल दिला. "सासरी गेल्यावर वाळंल." मग त्यांची नजर वर गेली आणि त्यांचा आवाजही. "आन् वहिनी, ह्यो झोपाळा एकाच खांबावर? पडंल की वं गौर!"

माहेरवाशीण झोपाळ्यावरून पडायची! दोन म्हाताऱ्यांनी डोळे मिटून घेतले. पॅसेजमधून आप्पासाहेबांचा खणखणीत आवाज आला, "काय हो, मशीनमध्ये मावलं नाही वाटतं अंगण?"

पुष्पावतीबाईंनी पडद्याकडे बघितलं. टोकाआधीच तुटलेली दांडी उजव्या कडेशी येऊन थांबली होती. कडेच्या पुढं टेबलाची फळी. फळीच्या पुढं दार. दाराच्या पुढं उंबरा.

"नाही मावलं," त्या म्हणाल्या.

आणि त्यांनी देवापुढची रांगोळीची वाटी उचलली.

पडद्यावर दांडी जिथं तुटली होती, बरोबर त्या अंगानं त्यांनी टेबलावर चिमूट सोडली. दांडी पुढं निघाली. टेबल संपलं तिथून खाली फरशीवर आली, आणि आतून, सरळ, उंबऱ्यापर्यंत गेली. बायका साड्या सावरत बाजूला झाल्या. उंबऱ्यावर चिमूट एक क्षण थांबली. मग उंबरा ओलांडून बाहेर गेली. पॅसेजच्या मधोमध पुष्पावतीबाईंनी झोपाळ्याचा उजवा खांब रोवला. चांगला पुरुषभर उंच, कारण जमिनीवर ठिपके मोजायला कुठलं कार्ड नव्हतं.

"गौर सावरली!" गोजरबाई ओरडल्या. सोनईपर्यंत गेलं असेल.

मग हत्तीचा मागचा भाग. पुढचा आत पडद्यावर वीतभर, मागचा बाहेर पॅसेजभर. त्याच्या पायाशी कासव. जिन्याखाली तुळशीवृंदावन. वाटी संपली तशी कुणी घरून दुसरी आणली, कुणी तिसरी. कुणी शंख घेतला, कुणी गाईची पावलं. शेवटी शेपटी राहिली. शेपटीला जागा एकच उरली होती, आप्पासाहेबांच्या पायपुसण्यापुढं. पुष्पावतीबाईंनी तिथं बसून, मान खाली घालून, शांतपणे शेपटीचा झुपका काढला. एकेक केस.

"वहिनी!" आप्पासाहेबांना एकदाचा आवाज फुटला. "ठराव आहे! पॅसेजमध्ये रांगोळी काढायला सक्त मनाई आहे!"

पुष्पावतीबाई उठून उभ्या राहिल्या. हातांना रांगोळी लागली होती. त्या बोलल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं बोलणं गोजरबाईंच्या मदतीशिवाय सगळ्यांना ऐकू गेलं.

"घरात काढायला घेतली, आप्पासाहेब. तुम्हीच म्हणालात, घरात काढा. मावली नाही. आता पुसायची असेल तर पुसा. हा खांब तेवढा शेवटी पुसा. त्याच्यावर गौर बसलीय."

आप्पासाहेबांनी खांबाकडे बघितलं. मग दारातून दिसणाऱ्या पडद्याकडे, लाल कुंकवाच्या, जाड्या, हसऱ्या गौरीकडे. मग खांबाभोवती उभ्या असलेल्या चाळीसेक बायकांकडे. सुभेदारांनी सरहद्दीवर काय काय बघितलं असेल नसेल, पण हे बघितलं नव्हतं.

"कडूबाई!" ते म्हणाले. "झाडू!"

कडूबाईनं केरसुणी जिन्याखाली नीट उभी करून ठेवली. "आज माजा उपास हाय, साहेब. झाडूला हात लावीत न्हाई."

"कसला उपास?"

"ते सकाळच्याला बगते, साहेब. तवर हाय."

आप्पासाहेबांना बाहेर फिरायला जायचं होतं. त्यासाठी हत्ती ओलांडावा लागला असता. त्यांनी एक पाय उचलला, तो शेपटीवर येतोय हे बघून मागं घेतला, दुसरा उचलला, तोही घेतला. असं थोडा वेळ उंबऱ्यातल्या उंबऱ्यात लेफ्ट-राइट झालं. "उद्या सभा बोलावतो!" असं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं.

पुष्पावतीबाई आत गेल्या. हात धुतले, गौरीला नैवेद्य दाखवला आणि मंगळवारपासूनचा अन्नाचा पहिला घास, कैरीच्या डाळीचा, तोंडात घातला. रंगनाथराव समोर पंखा घेऊन बसले होते, वीज असतानासुद्धा.

"मीठ?" त्यांनी भीतभीत विचारलं.

"बरोबर आहे," पुष्पावतीबाई म्हणाल्या. "एक वाटी समोर देऊन या. कडेकडेनं जा. कासवावर पाय देऊ नका."

दुसऱ्या दिवशी सभेची सूचना फळ्यावर लागली: विषय, 'पॅसेजमधील अतिक्रमण'. सभासद वेळेवर जमले. वरच्या मजल्यावरचे जिन्यात अडकले, खालचे आपापल्या दारात. सतरंजीची गुंडाळी आप्पासाहेबांच्या काखेत होती आणि ती टाकायला जागा शोधत ते उंबऱ्यात उभे होते. सभा पॅसेजमध्ये भरायची. पॅसेजमध्ये हत्ती होता. सकाळी आत कळ दाबून आणि बाहेर चिमूट सोडून पुष्पावतीबाईंनी तो ताजा काढला होता.